दुसरा टोल

आमच्या घरात वर्षांचे आकडे कुणालाच ठाऊक नसत. गौराक्काचं लग्न खडीच्या आधी झालं का नंतर, काळी म्हैस खडीच्या आधी गेली का नंतर, असा सगळा हिशेब खडीवरनं चालायचा. पावसानं तोंड फिरवलं, विहिरींचे तळ दिसायला लागले आणि गावाला दुष्काळी काम निघालं, तेव्हा अव्वा आणि अप्पा, म्हणजे माझे आई-वडील, दोघंही खडी फोडायला गेले, ती ही खडी. हमरस्त्यापासून आमच्या गावापर्यंत आठ मैलांचा रस्ता करायचा होता. अव्वा तोंडाला पदर गुंडाळून सकाळी बसायची ती दिवस कलेपर्यंत उठायची नाही. एकट्या माणसाची हातोडी कानाला टोचते, पण अख्खं गाव एकदम फोडायला बसलं की गारा पडल्यासारखा आवाज येतो. शाळेत बसून आम्ही तो आवाज ऐकायचो. संध्याकाळी सुकडी मिळायची, पिवळी, गोडसर, घशात बसणारी. रेशनवर तांबडी परदेशी मिलो मिळायची. तिची भाकरी थापली की कडा फाटायच्या आणि अव्वा तव्यासमोर बसून म्हणायची, "ह्याला जोळा म्हनायचं व्हय? हे तर घोड्याचं खाणं." जोळा म्हणजे आमच्या कानडीत ज्वारी. आमच्या घरी दोन्ही भाषा चालत. रागवायचं कानडीत आणि समजूत घालायची मराठीत, असं साधारण धोरण होतं. अव्वाच्या डाव्या अंगठ्याचं नख त्या खडीखाली गेलं, ते पुढं जन्मभर वाकडंच उगवलं.

आम्हा बहिणींत खरी हुशार गौराक्का. मी नाही. हे मी आज विनयानं म्हणत नाही, तिचं गणित मी पाहिलेलं आहे. गाव तसं बाजाराचं, शाळा मॅट्रिकपर्यंत होती. गौराक्का मॅट्रिक झाली ती शाळेत पहिली येऊन. शाळेचे हेडमास्तर दोनदा आमच्या घरी आले, घोंगड्यावर बसले, चहा प्याले आणि म्हणाले, "शिवाप्पा, हिला कॉलेजात घाला." अप्पा म्हणाले, "मास्तर, पोरगी हुशार हाय, ते मला बी कळतंय. पन रोज सोलापूरला पाटवू कशी, तेवडं सांगा की." सोलापुरात आमचं कुणी नव्हतं. पोरीला तिथं ठेवायची ऐपत नव्हती. आठ मैल चालून हमरस्ता गाठायचा, मिळाली तर गाडी धरायची, आणि तसंच परतायचं. मास्तर घोंगड्यावरनं उठले. पुढच्या उन्हाळ्यात गौराक्का वळसंगला नांदायला गेली. जाताना तिनं आपली वह्यांची पिशवी माझ्याकडं दिली. "कोऱ्या पानांवर लिही," एवढंच म्हणाली.

हे सगळं खडीच्या आधी.

रस्ता झाला, दोन पावसाळे त्यावरनं गेले, आणि मग एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, गावात एसटी आली. लोकांनी नारळ फोडले, बॉनेटला कुंकू लावलं, कुणीतरी ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातला तर तो हार घालूनच उतरून लघवीला गेला, त्याची नक्कल गावात वर्षभर चालली. अव्वानं मात्र गाडीकडं फारसं पाहिलंच नाही. ती खाली चाकाकडं बघत होती. अप्पांना म्हणाली, "ह्यातली माजी खडी कंची आन् तुमची कंची?" अप्पा म्हणाले, "तुजी खाली हाय. माजी तुज्यावर." बाया हसल्या आणि अव्वानं पदर तोंडाला लावला. अप्पा विनोद करत नसत. तो एक केला.

त्याच्या पुढच्या वर्षी गाडी मुक्कामाला राहायला लागली, आणि गावाचं खरं दिवस-रात्र बदललं ते तेव्हा. संध्याकाळी दिवेलागणीला गाडी यायची, चावडीपुढच्या लिंबाखाली उभी राहायची आणि सकाळी साडेसहाला सोलापूरला निघायची. तिच्याबरोबर काय काय यायचं! टपालाची थैली यायची, त्यामुळं पत्र त्याच दिवशी हातात पडायला लागलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरची औषधांची पेटी यायची. कालचा का होईना, पेपर यायचा आणि तो मलकण्णाच्या गिरणीत मोठ्यानं वाचला जायचा. मलकण्णा गिरणीवाला म्हणजे गावचा आवाज. गिरणीच्या इंजिनाची पुक-पुक सकाळ-संध्याकाळ चालायची, तिच्यावर आवाज चढवून बोलायची त्याला इतकी सवय झाली होती की देवळातसुद्धा तो ओरडूनच बोलायचा. सकाळच्या गाडीनं वांगी, गवार, दही, कोंबड्या सोलापूरला जायच्या. आणि मी जायची. मॅट्रिक झाले त्या जूनपासून रोज, गौराक्काच्या पिशवीत माझ्या वह्या घालून. आमच्या गावातनं कॉलेजला जाणारी मी पहिली मुलगी. आमच्या घरातनं तर कॉलेजचं तोंड पाहणारं पहिलं माणूसच.

मुक्कामाची गाडी फुकट राहत नाही. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला जागा, अंघोळीला पाणी आणि जेवण गावानं बघायचं असतं. गावानं ते असं बघितलं की विचारू नका. घरवार पाळी लावली. आज ह्याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. ड्रायव्हर बाबूभाई, सोलापूरचे, उंच, मिशीला मेंदी लावणारे, बोलणं दखनी आणि मराठीची भेळ. कंडक्टर अंबादास, सोलापूरच्याच पूर्वभागातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि आमच्याकडं येऊन कानडीही शिकला. त्याला सगळे मास्तर म्हणत. दोघं ज्या घरी जातील तिथं सणच असायचा. कुणी पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी करायचं, कुणी गव्हाची हुग्गी, गुळातली खीरच ती, कुणी येळवण्याची, म्हणजे पुरणाच्या कटाची आमटी नुसती वाटीनं प्यायला. आमची पाळी आली की अव्वा दुपारीच शेंगा भाजायला घ्यायची. उखळात तिखट, लसूण, मीठ घालून चटणी कुटायची ती तेल सुटेपर्यंत. तो धप-धप आवाज आला की मला समजायचं, आज बाबूभाई आपल्याकडं. बरोबर कडक भाकरी, ज्वारीचीच, पापडासारखी कडाकड मोडणारी, तीळ लावलेली. बाबूभाई ओसरीवर मांडी घालून बसत आणि पहिला घास घेऊन डोळे मिटत. "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, असं अव्वानं विचारलं की ते म्हणत, "अम्मा, पोट भर गया, पन ये चटनी के वास्ते दुसरा पोट देव." अंबादासमास्तराच्या खाकी शर्टाची बटणं सहा महिन्यांत पुढं सरकवावी लागली.

आता ह्यात वाईट काय झालं? झालं ते चांगुलपणातनंच झालं. आमच्या गावात कुणाला सोडून पुढं जाणं म्हणजे पंगतीतनं उठवल्यासारखं. बैलगाडीनं जत्रेला निघालो तरी शेवटची म्हातारी बसेपर्यंत बैल हालायचे नाहीत. तीच रीत लोकांनी एसटीला लावली. साडेसहाला कुणी पायरीवर आपली वहाण ठेवून जायचं, "आलोच" म्हणून. वहाण आहे म्हणजे माणूस आहे. कुणी सीटवर गाठोडं ठेवून चहाला घरी परत जायचं. सगळ्यांत वरताण सुंद्राबाई. ती दही विकायला सोलापूरला जायची. तिची म्हैस रोज ठरवून उशिरा पान्हवायची की काय कोण जाणे, पण तिचा नातू रोज पळत येऊन सांगायचा, "आजी म्हनाली, दमा वाईच." आणि बाबूभाई दमायचे. कारण कालच तिच्या घरी दही-भात जेवलेले. राती ज्याच्या घरचं मीठ खाल्लं, त्याच्या घरच्या माणसाला सकाळी टाकून गाडी हाकायची कशी? ते एकदा अप्पांना म्हणालेही, "शिवाप्पा, मेरी तो पंचाईत हय. सारा गाव मेरा यजमान." साडेसहाची गाडी सात, सव्वासातला निघायची. माझा पहिला तास रोज बुडायचा. पण मी तोंड उघडलं नाही. कुणासाठीही गाडी थांबते ह्यात मलाही एक प्रकारचा अभिमानच वाटत होता. शहाणपण नंतर आलं.

फेब्रुवारीत सोलापूरहून एसटीचे एक साहेब आले. दोन दिवस गावात राहिले, हातात घड्याळ घेऊन लिंबाखाली उभे राहिले आणि कुणावर ओरडले नाहीत. जाताना सरपंचांना शांतपणे सांगून गेले. ही गाडी सोलापुरात पोचल्यावर दुसऱ्या गावाला जाते. ती रोज उशिरा पोचते, तिकडची माणसं उन्हात उभी राहतात. एक महिना बघतो. गाडी वेळेत सुटली तर मुक्काम राहील. नाहीतर मुक्काम दुसऱ्या गावाला जाईल आणि तुमच्याकडं दहाची गाडी येईल. कागदही देऊन गेले.

दहाची गाडी म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला कळलं नसेल. दहाची गाडी सोलापुरात साडेअकराला. कॉलेज सकाळचं. म्हणजे माझं शिक्षण संपलं. त्या संध्याकाळी अव्वानं चुलीत फुंकर मारली आणि धूर नसताना डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी गिरणीपुढं गाव जमलं. मलकण्णानं इंजिन बंद केलं, ही मोठी गोष्ट. तरी तो ओरडूनच बोलला, "आता ह्याच्या फुडं गाडी कुनासाटी थांबणार न्हाय! वहाण ठिवली तर वहाण सोलापूरला जाईल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रत्येकानं आपल्यापुरती सवलत मागितली. बाळंतिणीसाठी थांबवायची का नको? दवाखान्याची निकड असली तर? दही नासलं तर कोण बघणार, असं सुंद्राबाईनं विचारलं. तासभर हेच. शेवटी मागं खांबाला टेकून बसलेले अप्पा उठले. अप्पा सभेत बोलत नसत, म्हणून सगळे गप्प झाले.

"दोन गोष्टी हायत," अप्पा म्हणाले. "शाळंचा लोखंडी टोल चावडीफुडं टांगा. सव्वासहाला पयला टोल, साडेसहाला दुसरा. घड्याळ टपालातलं. दुसरा टोल पडला की गाडी हालली पायजे. मग आत कोन का नसंना."

"आन् दुसरी?"

"दुसरी ही की त्या दोगांना आपल्या घरात जेवू घालायचं बंद."

एकच गलका झाला. पाहुण्याला उपाशी ठेवायचं? हे गाव काय म्हणून ओळखलं जाणार? अप्पांनी हात वर केला. "उपाशी कोन म्हनतंय? पाळी हाय तशीच राहू द्या. पन सैपाक आपल्या घरातनं शाळेत जाऊ द्या आन् शाळेतनं एकाच डब्यातनं त्यांच्या खोलीवर. आज कुनाच्या घरचं खाल्लं, ते त्यांना कळायचंच न्हाय. कळलं न्हाय तर मिंदेपना न्हाय. मिंदेपना न्हाय तर सकाळी सोडून जाताना त्यांचा जीव अडकनार न्हाय."

मी पुढं पुष्कळ पुस्तकं वाचली, राज्यशास्त्राची तर पदवीच घेतली. कारभार निःपक्ष कसा ठेवावा ह्यावर शहाण्या माणसांनी पानंच्या पानं लिहिलेली आहेत. चौथी शिकलेल्या माझ्या बापाचा तो एक डबा त्या सगळ्यांच्या पंक्तीला बसेल, असं मला अजूनही वाटतं.

टोल कुणी मारायचा, ह्यावर वाद झाला नाही. सुंद्राबाईच म्हणाली, "शिवाप्पाच मारू दे. तेला ना लाज ना भीड." आणि सगळे हसल्यावर तिनं वर टोला लावला, "पन तुजी लेक मागं ऱ्हायली म्हंजी बगू की आमी, कसा मारतोस त्ये!"

दुसऱ्या दिवसापासून अप्पा पहाटे अंघोळ करून, विभूती लावून चावडीपुढं जायचे. पहिला टोल भराभरा सात-आठ ठोके. दुसरा टोल तीनच ठोके, मध्ये श्वासभर थांबून. अख्ख्या गावाला तो हात ओळखू यायला लागला. पहिल्या आठवड्यात कुणाकुणाच्या वहाणा खरोखर सोलापूरला जाऊन आल्या. सुंद्राबाई तिसऱ्या दिवशीच मागं राहिली. दह्याची हंडी डोक्यावर घेऊन तिनं गाडीच्या धुळीला आणि अप्पांना एकाच दमात शिव्या दिल्या, कानडीत आणि मराठीत. अप्पा ऐकून घेऊन घरी आले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिची म्हैससुद्धा वेळेवर पान्हवायला लागली.

डब्याची गंमत वेगळीच. बाया हिरमुसल्या. आपल्या हातचं खाल्लं आणि कुणाच्या हातचं ते खाणाऱ्याला कळलंच नाही, ह्याला काय अर्थ? मग प्रत्येकीनं आपापली खूण शोधून काढली. अव्वा भाकरीवर तीळ लावताना मधोमध बोटांनी तीन रेघा ओढायची, विभूतीच्या आडव्या पट्ट्यांसारख्या. अप्पांनी ते एकदा पाहिलं. "ह्ये काय?" "नक्षी," अव्वा म्हणाली. तिकडं खोलीवर बाबूभाई चटणीचा वास घेऊन म्हणायचे, "मास्तर, ये वोइच घर." पण सकाळी तोंडावर काही दाखवायचे नाहीत. त्या माणसानंही गावाचा नियम पाळला.

वीस-बावीस दिवस असे गेले. एकदाही चूक झाली नाही. आणि माझी परीक्षा आली.

पेपर नऊला. साडेसहाची गाडी आठला पोचवायची, म्हणजे तास हाताशी. आदल्या संध्याकाळी आमचीच पाळी होती, चटणी कुटून झाली होती. मी पिशवी भरून ठेवली. पेन, दौत, टिपणं, परीक्षेचं कार्ड. सकाळी पहिल्या टोलाच्या आधीच मी चावडीपाशी होते. गाडीत खिडकीजवळ बसले आणि उगाच एकदा पिशवी उघडून पाहिली. कार्ड नव्हतं. पेन होतं, दौत होती, कार्ड नव्हतं. आणि त्याच क्षणी मला अव्वाचा स्वभाव आठवला. तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं असणार, लिंगापुढं, विभूतीच्या गोळ्याखाली. आणि मला सांगायचं विसरली असणार.

मी उतरून पळाले. अप्पा टोलापाशी उभे होते. त्यांनी मला पळताना पाहिलं, मीही त्यांच्याकडं पाहिलं. काही बोलायला वेळ नव्हता. आमचं घर गावाच्या कडेला, फाट्याच्या अंगाला. धावत घरी पोचले, देव्हाऱ्यात हात घातला. कार्ड होतं, त्यावर बोटानं विभूतीच्या तीन रेघा ओढलेल्या. अव्वा गोठ्यातनं शेणाच्या हातानं आली आणि मला बघून तिथंच उभी राहिली. "अय्यो शिवा!" म्हणाली. मी उंबरा ओलांडला आणि टोल पडला.

एक ठोका. श्वासभर थांबून दुसरा. तिसरा.

तिथं चावडीपुढं काय झालं, ते मला नंतर मलकण्णानं सांगितलं, अर्थात ओरडून. घड्याळाचा काटा साडेसहावर आला तेव्हा गाडीतलं सगळं गाव अप्पांकडं बघत होतं. अंबादासमास्तर घंटीची दोरी धरून उभा, पण त्याचा हात ओढेना. सुंद्राबाई खिडकीतनं अर्धी बाहेर आली आणि म्हणाली, "अरं शिवाप्पा, दम की! परीक्षा हाय पोरीची! मी माजा शबूद माघारी घेते, बाबा, दम!" बाबूभाईंनी इंजिन चालूच केलं नाही. अप्पांनी घड्याळ बघितलं, हातोडा उचलला आणि तीन ठोके मारले. मग गाडीकडं तोंड करून म्हणाले, "हाला." बाबूभाई हालले. मलकण्णा म्हणाला, "देवी पोरी, तुज्या बापानं एकदा घराकडं बघितलं. पन ठोके मोजून तीनच."

मी दारात उभी होते आणि मला अप्पांचा जन्मात आला नव्हता एवढा राग आला. अव्वानं मात्र वेळ घालवला नाही. गाडी गावातनं निघून आधी माळवाडीला वळसा घ्यायची, तिथले दूधवाले घ्यायची आणि मग फाट्यावर येऊन आमच्या खडीच्या रस्त्याला लागायची. घरापासून फाटा रानातनं सरळ मैलभर. मध्ये नाला, आणि नाल्याच्या अलीकडं-पलीकडं सगळी करडई. अव्वानं शेणाच्या हातानंच माझ्या पाठीत थाप मारली. "फाट्याला! ओडव्वा, ओडु!" पळ गं, पळ.

करडई ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. वाळलेलं करडईचं झाड म्हणजे नुसता काटा. म्हणून ती काढतात पहाटे, दवानं काटे मऊ असतात तोवर. हातापायाला पोतं गुंडाळून माणसं कोंबडं आरवताच रानात उतरतात. त्यामुळं त्या वेळी अख्खं शिवार माणसांनी भरलेलं होतं. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, कार्ड दातात धरलं आणि करडईत शिरले. पहिल्या वावरातल्या बाईनं विळा खाली ठेवला, "कुटं गं?" मागनं अव्वाचा आवाज आला, "गाडी चुकली! परीक्षा हाय!" तेवढं पुरलं. पुढं मला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. माझ्या आधी माझी बातमी पळत होती. एका बांधावरनं दुसऱ्या बांधावर हाक जात होती. माळवाडीच्या बाजूला धूळ दिसायची, ती बघून कुणीतरी ओरडायचं, "माळवाडीला पोचली!" पुढचा ओरडायचा, "दूधवाली चडत्यात! अजून येळ हाय, पळ!" एकानं काट्यांचा झाप बाजूला ओढून वाट करून दिली. नाल्याशी एक म्हातारा दोन्ही हात हालवत उभा होता, "वरनं नगं, रुतशील! खालनं, खालनं जा, दगडावरनं!" मी दगडावरनं गेले. "वळली! वळली रं!" ही हाक आली तेव्हा समोर फाट्याचं बाभळीचं झाड दिसत होतं.

मी आणि गाडी बरोबरच पोचलो. फाट्यावर गाडी रोजच थांबायची, म्हणून ती माझ्यासाठी थांबली असं कुणी म्हणू शकत नाही. गाडीतनं जो ओरडा झाला तो मात्र माझ्यासाठी होता. पाय रक्तानं भरले होते, साडीला काटेच काटे. अंबादासमास्तरानं दार उघडलं, तोंड शक्य तितकं सरकारी केलं आणि म्हणाला, "पास दाखवा." मग त्यालाच हसू आवरेना. बाबूभाईंनी आरशातनं बघितलं. "बेटी, टाइम पे आई. बिलकुल टाइम पे." सुंद्राबाईनं मला आपल्याजवळ ओढलं, दह्याच्या हंडीवरचं ओलं फडकं काढून माझे पाय पुसले आणि सोलापूर येईपर्यंत माझ्या बापाला शिव्या देत राहिली. त्या दिवशीचं तिचं दही आंबलं. पेपर मला चांगला गेला. कार्डावरची विभूती न पुसता पर्यवेक्षक बाईंनी सही केली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अप्पा ओसरीवर बसले होते. मी सरळ आत गेले. अव्वानं हुग्गी केली होती, ती ओसरीकडं पाठ करून खाल्ली. थोड्या वेळानं अप्पा आत आले. हातात तेलाची वाटी आणि काटे काढायचा चिमटा. "पाय दाव," म्हणाले. मी पाय पुढं केला. ते एकेक काटा काढत होते, तेल लावत होते. खाली मान घालूनच म्हणाले, "आज तुज्यासाटी थांबिवली असती, तर उद्या समद्यांसाटी थांबवाया लागली असती. मग परवा तुला गाडीच नसती." आणखी एक काटा काढून ते पुन्हा म्हणाले, "गौरीच्या येळंला गाडी नव्हती. तवा मला काय करता आलं न्हाय."

मी खाली पाहिलं, त्यांच्याकडं बघायचं नव्हतं म्हणून. तेव्हा मला त्यांचे पाय दिसले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ओरखडे, पोटऱ्यांत करडईचे बारीक काटे रुतून बसलेले. चावडीवरनं घरी यायला करडई लागत नाही. अव्वा चुलीपाशी बसून म्हणाली, "तुजा बाप टोल मारून पळतच आला. तू गेलीस म्हनून सांगितलं तर तुज्या मागं. नाल्याच्या काटावर उभा ऱ्हायला, तू गाडीत चडस्तोवर." अप्पा म्हणाले, "बास की आता." मी त्यांच्या हातातनं चिमटा घेतला. त्यांनी नको नको म्हटलं, पण मी त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला. एकूण किती काटे निघाले ते मी मोजले नाहीत.

महिना भरला. साहेब परत आले, टपालातलं घड्याळ आणि आपलं घड्याळ लावून बघितलं, आणि मुक्काम राहिला. त्या करडईच्या रानातनं हळूहळू पायवाट पडली. मागं राहिलेली माणसं तिथनं पळून फाटा गाठायला लागली, आणि त्या वाटेला आमच्याकडं परीक्षेची वाट म्हणतात. आता तिथं करडई कुणी लावत नाही, सगळा ऊस झाला आहे. पण मागच्या दिवाळीला गेले तेव्हा बांधावरनं ती वाट अजून होती. गुडघ्यांनी नकार दिला म्हणून चालले नाही. अप्पांनी तो टोल पुढं सोळा वर्षं मारला. त्यांच्या मागून पंचायतीनं विजेची घंटा बसवली. ती बरी वाजते. पण तीन ठोक्यांत श्वास घ्यायचं तिला जमत नाही.

गौराक्काची मुलगी वळसंगहून आमच्याकडं राहायला आली आणि त्याच गाडीनं कॉलेजला गेली. ती पुढं डॉक्टर झाली.

मी चार वर्षांत एकही परीक्षा चुकवली नाही. मी बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात मी पहिली पदवीधर, आणि ती पदवी साडेसहाच्या गाडीनं मिळाली.